गॉलमला माफ कोणी करायचं?

आमच्या घरात सॅमविरुद्ध बोलायची सोय नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला हा माळी म्हणजे मूर्तिमंत निष्ठा, असं माझ्या मुलीचं ठाम मत. धन्याला, म्हणजे फ्रोडोला, पाठीवर घेऊन ज्वालामुखी चढणाऱ्याला नावं ठेवणं म्हणजे तिच्या लेखी हनुमंताला नावं ठेवणं. तरी मी ठेवते. सॅम मला आवडत नाही, त्या दोघांचा वाटाड्या गॉलम फार आवडतो आणि दोन्हींचं कारण एकाच प्रसंगात आहे.

सिरिथ उंगोलच्या जिन्यावर फ्रोडो आणि सॅम झोपलेत. त्यांना शेलॉब या राक्षसी कोळिणीच्या तोंडी द्यायची तजवीज करून गॉलम परत येतो. फ्रोडोचं डोकं सॅमच्या मांडीवर. ते बघून त्याच्या आत काहीतरी हलतं. अंगठीपायी मित्राचा गळा दाबलेला, पावणेपाचशे वर्षं ती उराशी धरून सडलेला हा जीव क्षणभर नुसता थकलेला म्हातारा दिसतो. फ्रोडोच्या गुडघ्याला हळूच हात लावतो. तेवढ्यात सॅमला जाग येते आणि तो चोर पकडल्यासारखा खेकसतो. संपलं. सॅम नंतर चुकलो म्हणतो खरा, पण तोवर गॉलमच्या डोळ्यांत हिरवट चमक परत आलेली असते. 2003 च्या सिनेमात हा स्पर्शच नाही. त्याऐवजी सॅमवर पाव चोरल्याचं कुभांड! एवढा खर्च करून नेमका गाभाच गाळला.

कादंबरीचे लेखक टॉल्किन निष्ठावान कॅथलिक होते. पश्चात्तापाच्या उंबऱ्यावरून परत फिरलेला माणूस त्यांना साधा वाटणं शक्य नव्हतं. या क्षणाला त्यांनी पत्रांत सगळ्या कथेतला सर्वांत शोकात्म क्षण म्हटलंय. सॅमच्या आत्मसंतुष्ट, आखूड नजरेबद्दलही ते तिथे स्पष्ट बोलतात. (हे मुलीला दाखवलं. लेखकाला काय कळतं, म्हणाली.)

पण खरा पेच पुढेच आहे. ज्या आगीत अंगठी नष्ट झाली तरच जग वाचणार, त्या अग्निकुंडाच्या काठावर फ्रोडो ती टाकायला नकार देतो. गॉलम त्याचं बोट चावून ती हिसकावतो आणि आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन आगीत पडतो. म्हणजे तो सुधारला नाही, म्हणून जग वाचलं? एक जीव वाया गेल्याशिवाय ज्याची योजना पुरी होत नाही, त्या देवाला दयाळू कसं म्हणायचं? ख्रिस्ताचा घात करणाऱ्या यहूदाबद्दल ख्रिस्ती लोक हेच विचारत आलेत. टॉल्किन यांचा अंदाज असा, की जिन्यावर गॉलम वळला असता तरी त्याने अंगठी हिसकावलीच असती, पण मग फ्रोडोसाठी आपण होऊन आगीत उडी घेतली असती. म्हणजे योजनेला त्याचा नाश नको होता. हे मला पटतं, पण गॉलमला त्याचा काय उपयोग? त्याच्या अंतिम न्यायाबद्दल टॉल्किन बोलायलाच तयार नाहीत. ते देवाचं गुपित. आपल्या पुराणांना इतका संकोच नाही. शिशुपालाने जन्मभर द्वेष केला, पण कृष्णाचा केला, म्हणून तो अखेर कृष्णातच विलीन झाला. गॉलमने ध्यास घेतला एका अंगठीचा. तीही वाट बंद.

न्यायाने सांगायचं तर शेवटच्या चढावर तलवार उगारलेली असूनही सॅम त्याला मारत नाही. मध्यंतरी थोडा काळ त्यानेही अंगठी वागवलेली असते. त्या ओझ्याची कल्पना त्याला आलेली असते. तेवढ्यापुरता तो मला सहन होतो. मग सगळं संपल्यावर फ्रोडो त्याला म्हणतो, गॉलम नसता तर हे माझ्या हातून झालं नसतं, त्याला माफ करू या. सॅम फ्रोडोचा जखमी हात छातीशी धरतो, त्याला धीर देतो, पण गॉलमबद्दल चकार शब्द काढत नाही.