आमिष आणि अभय

॥ श्रीपरेशाय नमः ॥

लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा पंथीय घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. आणि जे फार ठाऊक असते त्याच्या अर्थाकडे पाहण्याचे राहून जाते. पारध्यांनी कुत्री सोडली आहेत. त्यांच्यापुढे जीव घेऊन धावणारा ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. कुत्री थबकतात. मागून पारधी येतात व ससा मागू लागतात. (येथे पारधी म्हणजे शिकार करणारा, एवढाच अर्थ घ्यावा. जातीचा आरोप त्यावर करू नये.) स्वामी ससा देत नाहीत. जो आश्रयाला आला तो परत द्यावयाचा नसतो, हे त्यांचे पहिले उत्तर आहे. पारधी सांगतात की हा ससा पैजेचा आहे, त्याच्यावर होड लागली आहे, तो न मिळाल्यास आपसांत शस्त्रे निघतील. तेव्हा स्वामी त्यांना समजावितात की, हे प्राणी रानात राहतात, गवत खातात, ओहळाचे पाणी पितात, कोणाचे काही घेत नाहीत. त्यांना का मारावे? पारध्यांचे मन पालटते. नंतर ससा मोकळा केला जातो, तोही एखाद्या थोर अतिथीला निरोप द्यावा तशा आदराने.

या लीळेतील होडेचा उल्लेख बहुधा वाचताना मागे पडतो. वास्तविक सर्व प्रकरणाचे मर्म त्यात आहे. त्या पारध्यांना सशाचे मांस भुकेपोटी हवे होते असे दिसत नाही. ससा ज्याचा, त्याचा मान मोठा, असा तो व्यवहार होता. एका जीवाचे प्राण हे दुसऱ्याच्या अहंकाराचे माप झाले होते.

आता कोणी वासनिक असे विचारील की, ससा निरपराध होता हे मान्य; स्वामींनी स्वमुखाने त्याची निरपराधता सांगितली. परंतु जो प्राणी निरपराध नाही, त्याचे काय? रात्री दारापर्यंत येऊन जो शेळीचे करडू उचलतो, त्या लांडग्याला आणि खुराड्याशी घुटमळणाऱ्या कोल्ह्याला हे अभय लागू आहे काय?

प्रश्न ग्रंथातला नसून शिवारातला आहे, म्हणून तो शिवारातच नेऊन पाहणे बरे. बारामतीहून इंदापूरकडे जाताना काटेवाडी लागते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जेथपर्यंत पोचले तेथपर्यंत ऊस आहे. पुढे भवानीनगरला श्रीछत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. कालव्याचा हात जेथे पोचत नाही तेथे माळ सुरू होतो. कुसळी गवत, बोरी-बाभळीची झुडपे, मुरमाड उतार असा हा प्रदेश बारामती तालुक्यातील शिर्सुफळपासून इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीपर्यंत तुकड्यातुकड्यांनी पसरला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो पडीक वाटतो. प्रत्यक्षात तेथे चिंकारा आहे, खोकड आहे, तरस आहे, कोल्हा आहे आणि लांडगाही आहे. सबंध भारतात लांडग्यांची संख्या सुमारे तीन हजार एवढीच मानली जाते; वाघापेक्षाही ती कमी आहे. वाघाविषयी गावोगाव बोलतात, लांडग्याविषयी कोणी बोलत नाही. २०२४ पासून वनविभागाने शिर्सुफळ व कडबनवाडी येथे हा गवताळ प्रदेश दाखविणारी सफारीही सुरू केली.

याच माळावर धनगरांचे कळप चरतात. आषाढी वारीत श्रीतुकोबांची पालखी काटेवाडीस येते तेव्हा परीट समाज तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगर मंडळी पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धरतात. आपल्या पंथाचा आचार निराळा असला तरी तेथे दिसणारे एक सत्य कोणालाही पटण्याजोगे आहे. त्या गावात मेंढी ही केवळ मालमत्ता नाही. जी रात्री लांडग्याच्या तोंडी गेली ती रिंगणातली होती, असे म्हणणाऱ्या मेंढपाळाचे दुःख खरे असते. ते खोटे मानून अहिंसेचा उपदेश करणाऱ्याने आधी माळावर एक रात्र काढावी.

परंतु त्या दुःखातून जो मार्ग काही ठिकाणी निघतो तो विचारात घेण्यासारखा आहे. मेलेले करडू वा कोंबडी घराच्या मागे, बांधाच्या कडेला ठेवावयाची. तिच्यात विष कालवावयाचे, किंवा जवळच फासा लावून रात्री दबा धरावयाचा. कोठे कोठे रानडुकरासाठी पिठाच्या वा चरबीच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवतात. तो गोळा कोल्ह्याच्या, कुत्र्याच्या, चरायला गेलेल्या गाईच्याही जबड्यात फुटतो. विषाला तर डोळे नसतातच. लांडग्यासाठी ठेवलेल्या मांसावर प्रथम बहुधा वाड्यावरचा राखणीचा कुत्रा जातो, पहाटे कावळे उतरतात, घारी उतरतात, आणि त्यांचे मृतदेह खाणाराही मरतो. ज्याने करडू नेले तो लांडगा त्या रात्री तिकडे फिरकलाही नसेल.

हे व्यवहाराचे बोलणे झाले. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर आमिष ही साध्या वधापेक्षा निराळी वस्तू आहे. श्रीदत्तात्रेयप्रभूंनी चोवीस गुरू केल्याचा प्रसंग भागवताच्या एकादश स्कंधात येतो. भास्करभट्ट बोरीकरांनी त्याच स्कंधावर उद्धवगीता रचली. त्या गुरूंमध्ये मासा आहे. जिभेच्या ओढीने तो गळाला लागतो व प्राण गमावतो; साधकाने त्यापासून रसनाजय शिकावा, असे त्याचे तात्पर्य सांगतात. ते योग्यच आहे, कारण साधकाला स्वतःचा दोष पाहावयाचा असतो. तथापि गळाला दोन टोके असतात. एका टोकाला माशाची भूक आणि दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी हात. मासा भुकेने फसला; त्या हाताने भूक ओळखली, तिचा हिशेब केला, आणि अन्नाचे रूप घेऊन मृत्यू पुढे केला. पशुयोनी ही भोगयोनी आहे. अनादी अविद्येने ग्रासलेला जीव तेथे पूर्वकर्माचे फळ भोगतो, नवे कर्म जोडीत नाही. लांडग्याने करडू नेले त्यात त्याची भूक आहे, दुष्टपणा नाही. आमिष ठेवणारा मनुष्यदेही आहे. त्याच्या ठिकाणी संकल्प आहे, कपट आहे, वाट पाहणे आहे. वाट पाहण्याचा प्रत्येक प्रहर त्या संकल्पाला पुन्हा दृढ करतो. रागाच्या भरात काठी उगारणारा क्षणभर हिंसक असतो, आमिषापाशी बसलेला रात्रभर.

संन्यस्तांनी यात आणखी एक गोष्ट पाहावी. भिक्षेकरी भिक्षू कोणाच्या अन्नावर जगतो? अनोळखी दारातून झोळीत पडलेल्या अन्नावर. ते कोणी शिजविले, कोणत्या मनाने दिले हे तो तपासीत नाही. दिलेले अन्न हे जगविण्यासाठीच दिले आहे, या एका विश्वासावर पंथाचा सारा भिक्षाचार आठशे वर्षे चालत आला आहे. रात्री मनुष्यवस्तीच्या कडेला येणारा कोल्हाही ठेवलेल्या अन्नाला तोंड लावतो. त्याच्यात व भिक्षूत ज्ञानाचे अंतर आहे, अधिकाराचे आहे. पण ठेवलेले अन्न खाणारा या नात्याने दोघे एका पंक्तीचे आहेत. अन्नात मरण ठेवणारा मनुष्य केवळ कोल्ह्याला फसवीत नाही.

मूळ शंकेचे उत्तर आता देता येते. स्वामींनी सशाची निरपराधता सांगितली हे खरे. पण ती केव्हा सांगितली? ससा देण्यास नकार आधीच दिला होता. नकाराचे कारण शरणागती हे होते. निरपराधतेचे निरूपण पारध्यांना समजावे म्हणून नंतर केले. अभय हे योग्यता पाहून दिलेले बक्षीस असते, तर स्वामींनी आधी चौकशी केली असती. म्हणून लांडगा सशासारखा गवत खात नाही, एवढ्यावरून तो अभयाच्या बाहेर पडत नाही.

हा प्रकार आपल्याच प्रांतात आहे असे नाही. अमेरिकेत कायोटी नावाचा, कोल्हा व लांडगा यांच्या मधल्या बांध्याचा एक प्राणी आहे. तेथील पशुपालकांचे त्याच्याशी शतकाहून अधिक काळ वैर आहे. घराजवळ मांस टाकून रात्री बंदुकीने त्याला टिपतात. त्यासाठी एक यंत्रही वापरतात, ज्यातून जखमी सशाच्या किंकाळीचा आवाज निघतो. ती किंकाळी ऐकून कायोटी भक्ष्य मिळेल या आशेने पुढे येतो व मारला जातो. लीळेतील ससा आणि हा ससा वाचकांनी शेजारी ठेवून पाहावेत. एकाच्या आर्ततेतून अभय निघाले, दुसऱ्याच्या आर्ततेचे आमिष झाले. होडेचेही तेच. अधिक कायोटी मारणाऱ्यास बक्षीस देणाऱ्या स्पर्धा तेथे भरत. कॅलिफोर्निया राज्याने २०१४ मध्ये अशी बक्षिसे बंद केली, नंतर इतरही काही राज्यांनी तो मार्ग धरला. आणि एवढ्या वधाचे फळ काय? तेथील सरकारी खातेच दरवर्षी हजारो कायोटी मारीत आले. तरी पूर्वी पश्चिमेच्या मैदानांत राहणारा तो प्राणी आज जवळजवळ साऱ्या देशात पसरला आहे. जोडी फुटली की कळपातील इतर माद्या विऊ लागतात, रिकाम्या जागेत बाहेरचे तरुण प्राणी येतात. एक मारला म्हणून त्रास संपत नाही, हे त्या देशाने पुष्कळ खर्च करून शिकले.

१९७२ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी केंद्र सरकारच्या जमिनींवर हिंस्र पशूंसाठी विष वापरण्यास मनाई केली. पुढे ती आधी शिथिल झाली व नंतर रद्द झाली. त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. त्यात शिकार या शब्दाची व्याख्या करताना ठार मारण्याबरोबर विष घालणे, फासा लावणे, आमिष दाखविणे, एवढेच नव्हे तर त्यांचा प्रयत्न करणे, हेही शिकारीतच मोजले आहे. प्राणी मेला नाही म्हणून कर्ता सुटत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लांडगा व कोल्हा दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत आणि शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत आहे. तथाकथित कोल्ह्याचे शिंग घरात ठेवल्याने धन येते, या समजुतीने ते विकत घेणाऱ्यांनीही हे ध्यानी धरावे. परमेश्वराला अनन्य शरण गेलेल्या उपदेशी घरात असली वस्तू सापडावी हे तर अधिकच लाजिरवाणे.

मग मेंढपाळाने करावे काय? येथे पंथीयांचा एक दोष स्पष्ट सांगितला पाहिजे. अहिंसेची स्तुती बागायतदार करतो आणि तिची किंमत माळावरचा धनगर भरतो. कोरडवाहू शेतकरी व बागायतदार दोघेही खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवितात. लेंडीखत ठेवून घेतात, आणि त्याच रात्री कळपातले कोकरू गेले तर तो तोटा मात्र मेंढपाळाचा. ज्याच्या शेतात कळप बसला आहे त्याने त्या तोट्यात भाग का घेऊ नये? काही जुने धनगर म्हणतात की लांडगा आपला वाटा नेतो. ज्याच्याकडे पन्नास मेंढ्या आहेत तो हे म्हणू शकतो, आणि ज्याच्याकडे पन्नास बिघे ऊस आहे त्याला ते म्हणण्याची गरज पडत नाही.

शासनाची भरपाईही आहे. लांडगा, कोल्हा, तरस, बिबट्या यांनी जनावर मारल्यास वनखात्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत कळवावे लागते, पंचनामा होतो, मग रक्कम मिळते. वाडा आज येथे व उद्या पुढच्या गावी, अशा मेंढपाळाला ते दोन दिवस फार थोडे असतात. मृत जनावर जागेवरून हलवू न देणे, वनरक्षकास कळविणे, कागद लिहून देणे, एवढे साक्षर वासनिकाने त्याच्यासाठी केले तरी एखाद्या आमिषाचे निमित्त टळते. पिसाळलेला लांडगा माणसांवर धावून आला तर तेथेही विष नव्हे; जखम साबणाने धुऊन तत्काळ लस घ्यावी व खात्यास कळवावे.

आणखी एक आमिष आहे, जे ठेवणाऱ्याला आपण आमिष ठेवले हे कळतही नाही. कुक्कुटपालनाच्या शेडमधील मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून माळावर फेकतात. त्यांच्या वासाने भटकी कुत्री वाढतात, कोल्हे व लांडगे वस्तीशी येतात. कुत्र्यांचे रोग लांडग्यांत जातात, पुण्याच्या परिसरात तर लांडगा व कुत्रा यांची संकरित पिलेही आढळली आहेत. जो आज कोंबड्या फेकतो तोच उद्या कोल्हा घराशी येतो म्हणून तक्रार करतो. खोल खड्डा, वर चुना, वर माती, एवढ्याने हे थांबते.

राखणीचे साधन नवे शोधावयाचे नाही. धनगर मेंढ्यांभोवती रात्री जे जाळे उभारतो त्याला वाघर म्हणतात. जुन्या मराठीत वागुर म्हणजे पारध्याचे सावज धरण्याचे जाळे. जाळे एकच, त्याच्या आत मेंढी निजते की बाहेरचा जीव अडकतो, एवढाच भेद. वाघर उंच व ताणलेली असावी, कोकरे व करडे तिच्या मध्यभागी असावीत, दोन कुत्री व जागता माणूस असावा.

आणि ज्याने आमिष आधीच ठेवले आहे, परंतु हे वाचून वा ऐकून ज्याचे मन हलले आहे, त्याने प्रायश्चित्त विचारण्यासाठी महंतांकडे जाण्याची उद्याची वाट पाहू नये. महंत भेटतील, दंडवत होईल, जे सांगावयाचे ते सांगतील. आज रात्रीच कंदील घेऊन बांधावर जावे, हाताला पिशवी गुंडाळावी, ते मांस व आसपास सांडलेले तुकडे उचलावेत, कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल पुरावेत, आणि वर दगड ठेवावा. उजाडण्यापूर्वी हे झाले पाहिजे, कारण उजाडताच कावळे उतरतात.