वडिलांच्या अंत्यविधीला काय गावे, काय वाजवावे?



घरात मयत झाले की पहिल्या काही तासांत विचार करायला सवड नसते. लाकडे आणायची, पाहुण्यांना निरोप धाडायचे, रडणाऱ्यांना सावरायचे. अशा घाईत एक प्रश्न हमखास उभा राहतो, आणि जो मोठ्याने बोलतो तोच त्याचे उत्तर देऊन टाकतो. वाजवायचे काय? गायचे काय? प्रश्न किरकोळ वाटतो. पण नव्याने धम्म स्वीकारलेल्या घरांत याच प्रश्नावरून भावाशी भाऊ बोलेनासा झालेला मी पाहिला आहे. म्हणून घरात सगळे हयात असताना, शांतपणे बसून हा प्रश्न सोडवलेला बरा.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. त्यात चूक माझी आहे, म्हणून सांगायला संकोच नाही.

आमचे गाव शाहूवाडी तालुक्यात, कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता सोडून आत, आंबा घाटाच्या बाजूला. तिकडचा पाऊस कसा असतो ते तिकडे राहिलेल्यालाच ठाऊक. आमचे आबा आषाढातच गेले. पोरवयात त्यांनी गावकीची हलगी वाजवली होती. पुढे ती टाकली आणि एकतारी धरली. चाळीस वर्षे भजन केले. आम्ही मुलांनी मुंबईहून येऊन धम्मदीक्षेचा आग्रह धरला तेव्हा घरातले देव त्यांनी स्वतःच्या हाताने नदीत सोडले. त्रिशरण-पंचशील घेतले. एकतारी मात्र खुंटीला तशीच राहिली. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की ते एखादे पद गुणगुणत, आणि आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे करायचो.

ते गेले त्या दिवशी दारात चार मते उभी राहिली. चुलते म्हणाले, हलगीशिवाय मयत उचलले तर लोक म्हणतील बेवारशी नेला. वस्तीतली तरुण पोरे म्हणाली, वंदनेशिवाय दुसरा शब्द निघता कामा नये. मेव्हणे तालुक्याहून बॅटरीवर चालणारा कर्णा आणि भीमगीते घेऊन आले. आणि आबांचे दोन जुने भजनी सोबती भिजत भिजत आले. काखेत टाळ, घोंगडीत गुंडाळलेला पखवाज. थोरले मला म्हणाले, “पोरा, आमचा एकमेकांत शबुद हाय. मागं ऱ्हाईल त्यानं गाऊन पोचवायचं. एक अभंग म्हणू दे.”

निर्णय मी दिला. हलगी नको, अभंग नको, कर्णा लावा. कर्णा इतका मोठा होता की उपासकांनी म्हटलेल्या गाथा पहिल्या रांगेपलीकडे कुणाला ऐकू गेल्या नाहीत. ते दोघे म्हातारे शेवटपर्यंत मागून चालत आले. पखवाज घोंगडीतून बाहेर निघाला नाही. मी मनात म्हणालो, आज मी धम्म राखला. आठ दिवसांनी आई चुलीपुढे बसून एवढेच बोलली, “मला कुनी इचारलंच न्हाई रं.”

बंधूंनो, त्या एका वाक्याने मला पुन्हा पहिल्यापासून विचार करायला लावला. तो विचार तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न असा की अंत्यविधीचे संगीत कुणासाठी असते? आपण बौद्ध आहोत. देहातून निघून वैकुंठाला जाणारा आत्मा आपण मानत नाही. हलगी वाजली नाही तर वाटेत घोटाळणारा, अभंग म्हटला तर दारापर्यंत पोचणारा असा कुणी प्रवासी नाही. मृत माणूस ऐकत नाही. हे एकदा मान्य केले की उरतात ते जिवंत. त्याची बायको, त्याची लेकरे, त्याचे सोबती. संगीत असलेच तर ते त्यांच्यासाठी. मग ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना विचारणे हे पहिले कर्तव्य ठरते. मी चौघांचे ऐकले आणि पंचेचाळीस वर्षे आबांच्या जोडीने शेतात राबलेल्या बाईला विसरलो. माझी पहिली चूक ही.

दुसरा प्रश्न. बुद्धाच्या धम्मात संगीताला जागा आहे काय? काही जण ठामपणे नाही म्हणतात. त्यांनी महापरिनिब्बान सुत्त पाहावे. कुसिनाऱ्याला भगवंतांचे महापरिनिर्वाण झाले. ती उरलेली रात्र अनुरुद्ध आणि आनंद यांनी धम्मकथेत घालवली. त्यानंतर मल्लांनी सहा दिवस नृत्य, गीत, वाद्ये, फुलांच्या माळा आणि सुगंध यांनी देहाचा सन्मान केला, आणि सातव्या दिवशी तो दहनासाठी नेला. म्हणजे खुद्द तथागतांच्या देहापुढे वाद्ये वाजली आहेत. पण त्याच सुत्तात थोडे अलीकडे पाहा. शालवृक्षांखाली पहुडलेल्या भगवंतांवर अवेळी फुले पडतात, आकाशात वाद्ये वाजतात, असे वर्णन आहे. तेव्हा भगवंत आनंदाला सांगतात की तथागताची खरी पूजा याने होत नाही. जो उपासक, जी उपासिका धम्माप्रमाणे वागते तीच खरी पूजा करते. दोन्ही गोष्टी एकाच सुत्तात आहेत. वाद्यांना मनाई केलेली नाही, आणि वाद्यांनाच पूजा समजू नका असेही बजावले आहे.

शीलांचेही तसेच आहे. गृहस्थाच्या पंचशीलात गीत-वाद्याचा निषेध नाही. तो येतो उपोसथाच्या अष्टशीलात आणि भिक्खूंच्या नियमांत. गाणाऱ्या सुरात धम्म म्हणण्याचे पाच दोष भगवंतांनी भिक्खूंना सांगितले. त्यातला पहिला दोष असा की म्हणणारा स्वतःच सुरात गुंततो, आणि दुसरा असा की ऐकणारेही गुंततात. आणि सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व वीणा वाजवून गातो तेव्हा भगवंत त्याला म्हणतात की तुझ्या तारांचा आणि गळ्याचा मेळ चांगला बसला आहे. गंधर्व ही कथा म्हणून घ्या. पण कथा सांगणाऱ्यांना भगवंतांच्या तोंडी संगीताची दाद घालताना संकोच वाटला नाही, हे लक्षात ठेवा. यातून आपल्यासाठी सरळ नियम निघतो. त्रिशरण, पंचशील आणि अनित्यतेच्या गाथा साध्या, स्पष्ट, सर्वांना ऐकू जातील अशा म्हणाव्यात. त्यांवर चाल चढवू नये, त्यांच्या पाठीमागे काही वाजवू नये. गाणे असेल तर ते त्यांच्या आधी किंवा नंतर, वेगळे असावे.

आता चारही मतांकडे वळू.

हलगी घ्या. कोल्हापूरकडे हलगीची थाप पडली की मेलेल्यालाही जाग यावी असे लोक म्हणतात. वाद्य काही वाईट नाही. चामडे अपवित्र असते हे तर मनूच्या वारसांचे म्हणणे, आपले नव्हे. पण आपल्या बापजाद्यांना कुणी हौसेने वाजवायला बोलावले नव्हते. गावात मयत झाले की सांगावा घेऊन परगावी पळायचे त्यांनी, सरण वाहायचे त्यांनी, आणि मोबदला भाकरतुकडा. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली महार वतन मोडले, १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेले जनावर आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले, आणि १९५८ च्या कायद्याने उरलीसुरली कनिष्ठ वतने गेली. आबांनी हलगी टाकली ती या लढ्यात टाकली. ती त्यांच्या तिरडीपुढे वाजवणे म्हणजे त्यांनी कमावलेला मान त्यांच्याच मयताला परत करणे झाले असते. हलगीला दिलेला माझा नकार मला आजही योग्य वाटतो. पण त्यातही एक ताकीद आहे. आपण वाजवायचे सोडले आणि आपल्या मयताला दुसऱ्या कुणा गरिबाला पावसात उभे करून चार पैशांत राबवून घेतले, तर आपण जोखड फेकले नाही, नुसते दुसऱ्याच्या मानेवर दिले. ज्याला मित्र म्हणून स्वखुशीने वाजवायचे आहे त्याची गोष्ट वेगळी.

अभंग घ्या. इथे प्रश्न कठीण आहे. वस्तीतल्या पोरांची भीती खोटी नव्हती. एक अभंग उंबऱ्याच्या आत आला की मागून दहावा येतो, दहाव्यामागून कावळा आणि पिंड येतो, हे त्यांनी पाहिले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, ब्राह्मणाकडून क्रियाकर्म न करविण्याची आहे. त्यांत तडजोड नाही. पण संगीताविषयी त्यांत एकही प्रतिज्ञा नाही. तिथे आपल्याला स्वतःची बुद्धी चालवावी लागते.

बाबासाहेबांचेच घर पाहा. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते. घरात पदे आणि अभंग म्हटले जात. रामजी १९१३ साली गेले. मुलाने पुढे हिंदू धर्म सोडला, पण वडिलांचा कबीर सोडला नाही. बुद्ध, कबीर आणि फुले हे माझे तीन गुरू, असे ते सांगत. अस्पृश्यतेच्या उगमावरचा त्यांचा १९४८ चा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. या संतांची वाट त्यांनी स्वीकारली नाही, पण त्यांच्या दुःखाशी नाते तोडले नाही.

तेव्हा अभंगाला कसोटी लावा ती अर्थाची. मागच्या जन्मीच्या पापाने हीन जातीत आलो, असे मान्य करणारी पदे चोख्याच्या नावावर आहेत. ती आपल्या बापाच्या देहापुढे म्हणू देऊ नका, कारण ती खोटी आहेत आणि त्याचा अपमान करणारी आहेत. देव वैकुंठाला नेईल असे सांगणारे पदही विधीत नको, कारण आपण तसे मानत नाही. पण विटाळ कुणाचा आणि सोवळा कोण असे रोखठोक विचारणारी पदेही त्याच परंपरेत आहेत. तसले एखादे पद, ‘हे आबांचे आवडते होते, त्यांच्या आठवणीसाठी म्हणत आहोत’ एवढे सांगून, मयत उचलण्यापूर्वी किंवा संध्याकाळच्या शोकसभेत सोबत्यांना म्हणू द्यावे. त्याने प्रतिज्ञा मोडत नाही. सोबत्याचे गाणे हा सोबत्याचा निरोप आहे, आपले कर्मकांड नव्हे.

आणि वडिलांनी दीक्षा घेतलीच नसेल तर? मुलाने आपली प्रतिज्ञा पाळावी, पण मेलेल्याच्या तोंडी आपला धर्म घालू नये. हयातभर ज्याने विठ्ठलाचे नाव घेतले त्याला मेल्यावर कट्टर बौद्ध म्हणून जाहीर करणे हा मुसावाद आहे. चौथे शील स्मशानातही लागू असते.

भीमगीते घ्या. भीमराव कर्डकांच्या जलशांनी आणि वामनदादांच्या गाण्यांनी निरक्षर आयाबायांपर्यंत बाबासाहेब पोचवले. त्या गाण्यांचे ऋण फिटणार नाही. पण मी स्वतःला विचारतो की त्या दिवशी कर्णा कुणासाठी लावला होता? आबांच्या आठवणीसाठी नव्हे. वरच्या गावाला ऐकू जावे म्हणून लावला होता. आम्ही बदललो हे त्यांना कळावे म्हणून. ही इच्छा चुकीची नाही, पण तिची जागा जयंतीच्या मिरवणुकीत आहे. बापाच्या मयतावर चढून शेजाऱ्याला उत्तर द्यायचे नसते. तेव्हा एक कर्णा होता. आता भिंतीएवढ्या पेट्या आल्या आहेत, म्हणून हे अधिकच सांगावेसे वाटते. एखादे भीमगीत त्यांना प्रिय असेल तर घरातल्या कुणी आपल्या गळ्याने म्हणावे.

आणि वंदनेशिवाय काहीच नको म्हणणाऱ्यांना मी आता असे सांगेन की विधीपुरते तुमचे अगदी बरोबर आहे. विधी म्हणजे त्रिशरण, पंचशील, गाथा आणि चार घटका शांतता. ही शांतता हेच आपले सर्वांत मोठे वाद्य समजा. पण विधी आटोपल्यावर माणसाची आठवण उरते, आणि ती कोरी पाटी नसते.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. वडील हयात आहेत तोवर त्यांना विचारा, तुमच्यामागे काय म्हणावे? यात अशुभ काही नाही. मरणाचे स्मरण हा धम्माचा रोजचा पाठ आहे. त्यांचे उत्तर घरातल्या सगळ्यांपुढे होऊ द्या. आईला आधी विचारा. गाण्याचा अर्थ तपासा. कुणालाही वेठीला धरू नका. कर्ज काढून बँड आणू नका. ते पैसे त्यांच्या नावे एखाद्या मुलाच्या वह्या-पुस्तकांना द्या. सिगालोवाद सुत्तात मुलाची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत आईबाप गेल्यावर त्यांच्या नावे दान करणे हे एक आहे.

पहिल्या पुण्यस्मरणाला मी त्या थोरल्या सोबत्याच्या घरी गेलो. म्हणालो, मामा, चुकलो, आता या. ते म्हणाले, “ऐकनारा गेला, आता कुनाला म्हनू?” मला वाद घालता आला असता की ऐकणारा त्या दिवशीही ऐकत नव्हता. मी एवढेच म्हणालो, आई ऐकेल. ते आले. वंदना झाली, गाथा झाल्या, मग त्यांनी टाळ काढला. गळा पार गेला होता, निम्मे शब्द लागत नव्हते. मधली एक ओळ ते विसरले तेव्हा ती आईने पुरी केली. आई गाते हे मला त्या दिवशी कळले.

एकतारी अजून खुंटीला आहे. तिच्या वर भगवंतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. तुमच्याही घरात अशी एखादी खुंटी असेल. तिच्याकडे पाहून वडिलांना आजच विचारा.