खाडीची हद्द

ठाण्याच्या खाडीला ओहोटी लागली की दूरवर चिखल उघडा पडतो. निवट्या बिळांतून बाहेर येऊन त्यावर उड्या मारतात, तिवरांच्या मुळांशी चिंबोऱ्या फिरू लागतात आणि हजारो रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी बुडवून चिखलपाणी गाळत राहतात. पाच-सहा तासांत भरती चढते आणि सगळा चिखल पाण्याखाली जातो. पक्ष्यांना पाय टेकायलाही जागा उरत नाही. मग थवेच्या थवे उठतात आणि नेरूळच्या उथळ पाणथळींत येऊन उतरतात. पाणी ओसरलं की पुन्हा खाडीकडे.

खाडीचा एक भाग 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. नेरूळच्या पाणथळी मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिल्या. त्यांतल्याच एका जागेवर गोल्फचं मैदान आणि इमारती उभारायचा बेत ठरला. नागरिक न्यायालयात गेले आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या योजनेविरुद्ध निकाल दिला.

पाणथळीकडे भर दुपारी ओहोटीच्या वेळी पाहिलं, तर जागा ओस पडलेली वाटते. योजना आखणाऱ्याला ती पडीक जमीन दिसते. पण तिथे येणारे भरतीच्या वेळेला येतात. त्यांची वेळ ठाऊक नसेल, तर जागा कुणाची हे कळणार नाही.

गोल्फचं मैदानही हिरवंच की, असं कुणी म्हणेल. खरं आहे. सिमेंटपेक्षा गवतात पाणी जास्त मुरतं. पण तसं गवत राखायला उन्हाळाभर पाणी लागतं, खतं आणि कीटकनाशकं लागतात. जपून वापरली नाहीत, तर पावसाबरोबर त्यांतलं नत्र आणि स्फुरद ओढ्यानाल्यांत उतरतं. त्यावर शेवाळ माजतं, ते कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. पाणथळीवर मैदान करायचं, तर भराव घालून भरतीचं पाणीच तोडावं लागतं. तेवढी खाडी मग कायमची गेली.

जी मैदानं आज आहेत, त्यांनाही खूप काही करता येईल. नाल्याच्या दोन्ही काठांना गवताची पट्टी न कापता वाढू द्यावी. शुद्ध केलेलं सांडपाणी वापरावं. पावसाच्या तोंडावर खत टाकू नये.

खाडी किनाऱ्याशी सुरू होत नाही. पारसिकच्या डोंगरावर पडलेलं पाणी ओढ्यांनी, नाल्यांनी, आपल्या सोसायटीमागच्या गटारानेही तिच्यात जातं. त्या वाटेवर जे जे बांधलं, बुजवलं, ओतलं जातं, ते खाडीला भोगावं लागतं. म्हणून खाडी सांभाळणं हे वनखात्याचं तेवढंच आपलंही काम आहे.

आपल्या घराजवळचा नाला कुठून येतो आणि कुठे मिळतो, ते एकदा चालत जाऊन पाहा. त्याच्या वाटेवरची एखादी योजना जाहीर झाली, तर ती वाचा. पटली नाही, तर मुदतीच्या आत आपली हरकत लेखी नोंदवा.