शोमरोनी म्हणताना

नेरुळ, नवी मुंबई

चि. भाच्यास,



तू पाठवलेला उपदेश दोनदा वाचला. येत्या रविवारी आपल्या मराठी मंडळीपुढे तू पहिल्यांदा उभा राहणार, याचा ताईइतकाच मलाही आनंद आहे. लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगला शोमरोनी निवडलास, बरं केलंस. जखमी माणूस तू सायन-पनवेल रस्त्याच्या कडेला आणून ठेवला आहेस, न थांबता जाणाऱ्या गाड्या दाखवल्या आहेस. ऐकणाऱ्यांना ते लगेच भिडेल. पण 'शोमरोनी' न म्हणता तू सगळीकडे 'एक दयाळू वाटसरू' लिहिलं आहेस. तिथे मी अडलो.

गोष्ट संपल्यावर, 'माझा शेजारी कोण?' असं विचारणाऱ्या शास्त्र्यालाच प्रभू विचारतो, तिघांपैकी शेजारी कोण ठरला? शास्त्री उत्तर बरोबर देतो, पण कसं ते बघ. दया करणारा, एवढंच म्हणतो. शोमरोनी हा शब्द त्याच्या तोंडून निघतच नाही. ज्यांच्याशी यहुदी व्यवहार ठेवत नव्हते, त्यांचं नाव घेणंही त्याला जड जातं. विहिरीवर प्रभूने पाणी मागितलं तेव्हा ती शोमरोनी बाई का चकित झाली, ते योहानाच्या चौथ्या अध्यायात आहे. पाणी कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. आपले पणजोबा नगर जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरून प्रभूकडे आले. गावच्या विहिरीवर त्यांना पाय ठेवता येत नव्हता.

मग आपल्याच मंडळीत लग्न जुळवताना 'तुम्ही मूळचे कोण?' असं हळूच का विचारतात? महारवाड्यातून आलेली घरं आणि मांगवाड्यातून आलेली घरं एका बाकावर बसतात, एकत्र प्रभुभोजन घेतात आणि सोयरीक म्हटली की अवघडतात. प्रत्येक घर असं वागतं असं नाही, पण वागणारी घरं तुला माहीत आहेत आणि मलाही. तुझ्या 'दयाळू वाटसरू'ने यांतल्या कुणालाही चिमटा बसणार नाही. शोमरोनी म्हणालास तर बसेल.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाच. त्यांचे पती टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यानंतर काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं. चूल वेगळी, पाणी वेगळं. जात देवाने केली की माणसाने, हा विचार एकदा त्यांच्या मनाने धरला, निवाडा झाला, आणि त्या कुणाच्याही हातचं खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नवऱ्याचा तापटपणा आणि स्वतःचा हट्ट, दोन्ही त्या बाईने लपवले नाहीत. म्हणून श्रद्धेबद्दल त्या जे लिहितात ते पटतं.

आता माझं सांगतो. मी वीस वर्षं मंडळीच्या पंचांत होतो. शेजाऱ्यावर प्रीती करा, हे कितीदा बोललो असेन. तुझ्या मामेबहिणीला ऐरोलीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कामसू, निर्व्यसनी, प्रार्थनेला नियमित. मी चौकशी केली ती त्याच्या आजोबांच्या वाड्याची. तो वाडा कळला आणि मी नकार दिला. खरं कारण सांगायची लाज वाटली, म्हणून 'प्रार्थनेत तसं उत्तर मिळालं' असं कळवलं. देवाचं नाव घेऊन खोटं बोललो. पुढे शास्त्रपाठ वाचताना ते मला कायम टोचत राहिलं. गेल्या वर्षी पोरीजवळ हे कबूल केलं, तिची क्षमा मागितली. त्या मुलाची मागायची अजून राहिली आहे.

भाषेविषयी थोडंच. तीन ग्रीक शब्द घातले आहेस, ते काढ. सेमिनरीत शिकलास ते तुझ्या समजुतीसाठी. फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आले आणि आपल्या लोकांसाठी ओवीत लिहिलं. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. टिळकांनी अभंग आणि कीर्तन जवळ केलं. तुझ्यासमोर टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून थेट आलेला माणूस बसणार आहे, त्याच्या शेजारी दवाखान्यातली परिचारिका आणि आपल्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या दोन बाया. त्यांना कळेल असं बोल आणि वीस मिनिटांत थांब. आवाज चढवू नकोस.

जखमीला टाळून गेलेले याजक आणि लेवी यांच्यावर तू दीड पान खर्च केलं आहेस. त्यांना झोडपणं सोपं आहे, मंडळीला ते आवडतंही. तो भाग अर्धा कर. उतारशाळेच्या मालकाला पैसे देऊन, वर लागतील ते परतताना देईन असं शोमरोनी सांगतो, तिथे मात्र थोडा थांब. मदत एकदा करून तो सुटत नाही, परत यायचं कबूल करतो.

आणखी एक. ताईने गेल्या महिन्यात तुझा बायोडाटा व्हॉट्सअॅपवर पाठवला. 'धर्म : ख्रिस्ती' याच्या खाली आणखी एक ओळ आहे. कोणती, ते तुला माहीत आहे. ती ताईने घातली असेल, पण बायोडाटा तुझा आहे. शनिवारी रात्री तिच्याजवळ बस, शांतपणे बोल आणि ती ओळ काढून टाक. मग रविवारी शोमरोनी हा शब्द मोठ्याने म्हण.

तुझा,
मामा