तळ्याकाठची उतारशाळा

दूरच्या तळ्याकाठी एकटी उभी असलेली उतारशाळा युरोपातील स्वच्छंदतावादी चित्रकारांना फार प्रिय होती. थॉमस आणि विल्यम डॅनियल यांनी तीच रम्यदृष्टी हिंदुस्थानात आणली व १७९५ ते १८०८ या काळात १४४ मुद्राचित्रे प्रसिद्ध केली. अशा चित्रासमोर आपले मन निवते. परंतु त्यातील एकांत कोणाचा, हे आपण सहसा विचारीत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा तळ्याचे छायाचित्र आज तसेच भिंतीवर लागते: पाणी, सागबांबूचे रान, काठावर विश्रामगृह. भूमी निर्मनुष्य भासते. वस्तुतः त्याच काठावर तारूचे देवस्थान आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेला हा गावप्रमुख गोंडांचा देव झाला, अशी आख्यायिका आहे. ताडोबा हे नाव त्याचेच. १९५५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. पुढे बोटेझरी, नवेगाव येथील कुटुंबांना रानाबाहेर वसविण्यात आले.

वाघ जगलाच पाहिजे. सृष्टी राखणे ही देवाने आपल्यावर सोपविलेली चाकरी आहे. मात्र ज्यांनी घर सोडले म्हणून आपल्याला हा एकांत लाभला, त्यांना विसरणे ही कृतघ्नता होय.

लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळा दोनदा येते. एकदा तिच्यात पवित्र कुटुंबाला जागा नसते. पुढे दयाळू शोमरोन्यामुळे जखमी परक्याला तिथे आसरा मिळतो. दोन्ही वेळा प्रभू आपले लक्ष देखाव्याकडे नेत नाही, दाराकडे नेतो. चित्र भिंतीवर जरूर असावे. त्यात न दिसणाऱ्या यजमानांची नावेही आपल्या मुलांना ठाऊक असावीत.