शत्रूचं निशाण

25 ऑक्टोबर 1802. ऐन दिवाळीत हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दोन्हीकडची माणसं आपलीच. अशा विजयाची खूण घरात मांडून ठेवावी, असं कुणाला वाटेल? पण त्या दिवसाचे परिणाम फार दूरवर गेले. पेशवे दुसरे बाजीराव पुणं सोडून निघाले, 31 डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या आश्रयाला गेले. पुढे 1817 मध्ये पेशव्यांच्याच खर्चाने, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली पुण्याच्या नावाचं घोडदळ उभं राहिलं. तीच आजची ‘पूना हॉर्स’.

8 फेब्रुवारी 1857 रोजी इराणात बुशहरजवळ खुशाबला या घोडदळाने इराणी पायदळाचं निशाण जिंकलं. निशाणाच्या टोकाला चांदीचा हात होता, आपल्याकडे मोहरमला निघणाऱ्या पंजासारखा. त्यावर कुराणातलं वचन कोरलेलं. त्या लढाईत मूर आणि माल्कमसन या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्यासोबत दौडलेल्या हिंदी स्वारांना मात्र तो मिळणं शक्यच नव्हतं. 1911 पर्यंत तो आपल्या सैनिकांना खुलाच नव्हता.

तो पंजा मोडीत गेला नाही, चांदीच्या भावाने विकला गेला नाही. रेजिमेंटने तो स्वतःचा मान म्हणून जपला. मला हे फार मोलाचं वाटतं. हडपसर-वानवडीत निवृत्त सैनिकांची घरं पुष्कळ आहेत. अशा घरात रणांगणावरून आणलेली एखादी वस्तू असेल, तर नातवंडांना लढाईचं नाव सांगताना ती ज्याच्या हातात होती त्याच्याबद्दलही आदराने बोलावं. तोही आपल्या निशाणाशी इमान राखून उभा होता, आणि त्याच्याही घरी कुणीतरी वाट पाहत होतं.

वाट पाहणारं घर आपल्या बाजूलाही होतं. याच पूना हॉर्सचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पुण्यात शिकले. 1965 च्या युद्धात फिलोऱ्याच्या लढाईत जखमी होऊनही ते मागे आले नाहीत. 16 सप्टेंबरला बुतुर-डोगरांडीच्या रणात ते पडले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. आपलं काही बरंवाईट झालं तर काय करायचं, हे त्यांनी आपले सहकारी मेजर चीमा यांना आधीच सांगून ठेवलं होतं. प्रार्थनेचं पुस्तक आईला, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, कडं आणि फाउंटन पेन मुलाला द्यायचं. आणि अंत्यसंस्कार रणभूमीवरच करायचे.