नियमात आई कुठे आहे?

वहिनी सरकारी रुग्णालयाच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहेत. अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या उपचारांना लेखी नियम हवा, हे माझं म्हणणं त्यांना पटत नाही.

"इंग्लंडात नफील्ड कौन्सिल या वैद्यकीय नीतिमत्तेवरच्या संस्थेनं २००६ मध्ये आठवड्यांप्रमाणे शिफारशी केल्या," मी म्हणालो. "२२ आठवडे भरले नसतील तर बाळाला अतिदक्षतेत घेऊ नये, २३ ते २४ मध्ये आईवडिलांचं ऐकावं, २५ नंतर उपचार करावेत. डॉक्टरागणिक निर्णय बदलायला नको."

"आठवडे मोजणार कसे, भाऊजी? ऊसतोडीवरून आलेली बाई 'दिवाळीच्या आसपास पाळी चुकली' एवढंच सांगते. सुरुवातीची सोनोग्राफी नसते. अंदाज दोन आठवड्यांनी सहज चुकतो. तुमचा अख्खा नियम त्या दोन आठवड्यांत बसतो."

"मग वजन बघा."

"आठशे ग्रॅमचं बाळ २५ आठवड्यांचं असतं, आणि पोटात वाढ खुंटलेलं २९चंही असतं. दुसऱ्याची फुप्फुसं कितीतरी जास्त तयार असतात. काट्यावर दोघं सारखीच."

"पण नियम नसला की पैसा ठरवतो. खासगीत पैसे संपले की बाप 'डामा'वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेण्याच्या कागदावर, सही करतो आणि बाळ घरी नेतो."

"करतो. मुलगी असली तर लवकर करतो. म्हणून विचारते, आईवडिलांचं ऐकायचं म्हणजे कुणाचं? सिझर झालेली आई वॉर्डात, आणि बाहेर सासरे ठरवतात. तिला कळतं तेव्हा सही होऊन गेलेली असते."

"सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये उपचार थांबवण्याची पद्धत घालून दिली, २०२३ मध्ये ती सोपी केली. डॉक्टरांची दोन मंडळं..."

"ती नंतरची गोष्ट. श्वासाची नळी घालायची की नाही, हे जन्मल्यावर मिनिटभरात ठरतं. घातली की काढता येणार नाही, या भीतीनं काही डॉक्टर घालतच नाहीत."

माझ्या मते नियमाची सुरुवात इथूनच व्हावी. जिथे शंका आहे तिथे उपचार सुरू करावेत. काही दिवसांनी, आई सावरल्यावर, तिच्याशी बोलून ते थांबवता येतील असं संरक्षण डॉक्टरांना कायद्यानं द्यावं.

"आणि बाळ वाचलं, पण दृष्टी गेली, पाय चालले नाहीत, तर?" वहिनींनी विचारलं.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला ते वर्षाचं होईपर्यंत सरकारी रुग्णालयात मोफत उपचार मिळतात. पण सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन येणारं अपंगत्व, वर्षानं संपत नाही. अशा मुलांसाठी ही वर्षाची मर्यादा सरकारनं आधी काढावी, आठवड्यांचा नियम त्यानंतर करावा.